तीन लाख शहाण्णव हजार सातशे एकतीस

श्रावणात आमच्या होडीचं इंजीन मुंबईहून आलं. त्याच दिवशी संध्याकाळी तांडेलमामांनी त्याच्या नंबराला भाग लावून पाहिला. भाग गेला नाही. रात्री जेवताना बाबा म्हणाले, पुनवेच्या आधी शेवंतीला वेळणेश्वराला पोचवून येतो.

शेवंती म्हणजे माझी आत्या, बाबांच्या पाठची बहीण. वेळणेश्वर हे तिचं सासर. लग्नाला काही वर्षं होऊनही मूल झालं नाही म्हणून तिथल्या लोकांनी घरात दुसरी सून आणली, आणि आत्या एक पत्र्याची ट्रंक घेऊन रत्नागिरीला आमच्याकडे आली. तेव्हा मी पाळण्यात होते. त्यामुळे आत्या नसलेलं घर मला ठाऊकच नव्हतं. मागच्या पडवीत तिची खाट होती आणि खाटेच्या डोक्याशी खुंटीला नेहमी एखादं फाटकं जाळं टांगलेलं असायचं. ती जाळी विणायला बसली की सुईचा फार बारीक, सुकं पान घासल्यासारखा आवाज यायचा. तो आवाज आणि खाडीच्या तोंडावरची लाटांची गाज, या दोन आवाजांत मी अभ्यास केला. श्रावणात आमच्याकडे मासळी बंद असे. उकड्या तांदळाची पेज, कुळथाचं पिठलं, आत्यानं मागच्या डोंगरउतारावरून खुडून आणलेला टाकळा नाहीतर भारंगी, असं जेवण असायचं. आई चुलीशी आणि आत्या पाट्याशी. दोघी फारशा बोलत नसत, पण एकीनं हात पुढे केला की दुसरी त्यात नेमकं हवं ते ठेवायची. मीठ, विळी, चिमटा, जे हवं ते.

आमच्या वाडीत तेव्हा एक रीत होती. ती शेजारच्या वाड्यांत नव्हती, आणि आता आमच्याही वाडीत कुणाला आठवत नाही. होडीला नवं इंजीन आलं की त्याच्यावर ठोकलेला नंबर तांडेलानं मोठ्यानं वाचायचा आणि त्याला भाग लावून पाहायचा. ज्या पहिल्या आकड्यानं भाग पुरा जाईल, तितके वाटे पहिल्या दिवशीच्या मासळीचे करायचे. दोननं गेला तर एक वाटा देवाचा, एक खलाशांचा. तीननं गेला तर तिसरा वाटा वाडीतल्या विधवा बायकांचा. पुढे पाच, सात, असं. पहिल्याच दिवशी वाट्यांवरून भांडण होऊ नये म्हणून कुणीतरी शहाण्या माणसानं हे काढलं असावं. पण रीत जुनी झाली की तिला शेपूट फुटतं, तसं हिलाही फुटलं होतं. ज्या नंबराला कशानंच भाग जात नाही तो वांझ, त्या इंजिनाच्या होडीला मासळी लागत नाही, असं मानायचे. प्रत्यक्षात असा नंबर कुणी पाहिला नव्हता. बहुतेक नंबर दोनवर, तीनवर किंवा पाचवर फुटायचे आणि लोक हसत घरी जायचे.

गणपत तांडेल बाबांच्या होडीचे तांडेल, म्हणजे समुद्रावर त्यांचा शब्द शेवटचा. होडी बाबांची असली तरी ते म्हणतील तरच खलाशी चढणार. आम्ही मुलं त्यांना मामा म्हणायचो. शाळा दोन इयत्ता झालेली, पण पाढे तीसपर्यंत तोंडपाठ, आणि ते म्हणताना एक डोळा बारीक करायची सवय. त्या संध्याकाळी पाऊस थांबला होता. घरापुढच्या खळ्यात लाकडी खोक्यातून काढलेलं इंजीन ठेवलं होतं, त्याच्या पितळी पट्टीला हळदकुंकू लावलेलं. मामांनी नंबर वाचला. तीन लाख शहाण्णव हजार सातशे एकतीस. दोन नाही, तीन नाही, पाच नाही. सातला सहा उरले. सगळे जरा जवळ सरकले. सतराला दोन उरले. एकोणीसला अकरा, आणि एकोणतीसलाही अकराच. तिसाशी येऊन मामा थांबले, कारण पाढे तिथे संपत होते, आणि त्यांच्या मते आकडेही फुटायचे तर तिथवरच फुटत. त्यांनी दोन्ही डोळे उघडले आणि विचारलं, कुंकू कोणी लावलान?

आई त्या दिवसांत बाजूला बसलेली होती. टेंपोतून खोकं उतरलं तेव्हा पाऊस पडत होता, कुणीतरी ओवाळून ते आत घ्यायला हवं होतं, म्हणून आत्यानं ओवाळलं. तिचा नवरा जिवंत होता, कपाळाला कुंकू होतं, तेव्हा त्यात चुकीचं असं काही नव्हतं. हे सगळं कुणीच बोललं नाही. मामांच्या प्रश्नावर बाबांनी आत्याकडे पाहिलं, एवढंच. मामा आपल्या पोरांना या इंजिनावर चढवणार नाही म्हणाले आणि खलाशांना घेऊन निघून गेले. इंजीन परत करणं शक्य नव्हतं. त्याच्यासाठी आईच्या हातातल्या पाटल्या गेल्या होत्या.

बाबा वाईट नव्हते. आज त्यांच्या तेव्हाच्या वयापेक्षा कितीतरी मोठी झाल्यावर मला दिसतं ते एवढंच, की ते घाबरले होते. ज्याच्या हातात काहीच नसतं तो हाताशी असलेलं माणूस हलवतो. वांझ हात घरातून गेला तर तांडेलांचं मन फिरेल असा त्यांचा हिशेब होता. आई बाजूला बसल्या जागेवरून म्हणाली की तिथे हिला उंबऱ्याच्या आत तरी घेतील का. बाबा म्हणाले, नवरा हाय अजून तिचा. आत्यानं ऐकून घेतलं, भावाच्या ताटलीकडे पाहिलं आणि आणखी पेज हवी का विचारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची ट्रंक खाटेखालून बाहेर आली होती आणि तिच्यातली दोन लुगडी वाऱ्यावर टाकलेली होती. मी शाळेत निघाले तेव्हा ती त्यांच्याखालून वाकून गेली आणि माझी वेणी नीट केली.

मी तेव्हा दहावीत होते. गणित मला आवडायचं, म्हणजे त्यात कुणाशी बोलावं लागत नाही म्हणून आवडायचं. त्या दिवशी वर्गात बसल्या बसल्या मला एकदम लक्षात आलं की तांडेलमामा तिसाशी थांबले. एखाद्या संख्येला एक आणि ती स्वतः यांखेरीज कशानंच भाग जात नसेल तर ती मूळ संख्या, हे आम्ही शिकलो होतो. पण तसं म्हणायचं तर तिच्या वर्गमुळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या लावून पाहाव्या लागतात, हेही शिकलो होतो. सहाशे तीस गुणिले सहाशे तीस केलं की आमच्या इंजिनाचा नंबर ओलांडला जात होता. म्हणजे सहाशे तीसपर्यंत जायला हवं होतं, आणि मामा तिसापर्यंत गेले होते. मधला सगळा डोंगर कुणी चढलंच नव्हतं.

संध्याकाळी मी हे आत्याला सांगितलं. तिची सातवी झालेली होती. तिनं सुई न थांबवता विचारलं, "सहाशे तीसपर्यंतच का? त्याच्या पुढचा आकडा नाय चालायचा?"

मी म्हटलं, भाग गेला की उत्तर येतं, आणि ते उत्तरही त्या नंबराचा भागच असतं. दोघांची जोडी असते. दोघेही सहाशे तीसच्या पुढचे असतील तर गुणाकार फार मोठा होईल.

तिनं थोडा वेळ विचार केला. "म्हणजे जोडीतला धाकटा शोधायचा," ती म्हणाली, आणि सुई खाली ठेवली.

आधी मूळ संख्या काढायच्या होत्या. पडवीच्या सारवलेल्या जमिनीवर मी खडूनं दोनपासून पुढे आकडे मांडले आणि आम्ही दोघी ओणव्या होऊन खोडत गेलो. दोनचे सगळे, मग तीनचे, मग पाचचे. आत्याला यात इतकी गोडी वाटेल असं मला वाटलं नव्हतं. ती आकड्यांना माणसांसारखं बोलायची. एक्याण्णव बराच वेळ टिकला आणि मग तेरा सत्ते एक्याण्णव म्हणून पडला, तेव्हा ती म्हणाली, बघ, दिसायला कसा सोवळा. आई दारातून म्हणाली, दोघींनी माझी जमीन घाण केलीत, आणि मग दिवा थोडा जवळ आणून ठेवला. खोडून उरलेले आकडे शंभराहून थोडे अधिकच होते. प्रत्येकाला सहा आकडी भागाकार.

भागाकार मात्र आम्ही खाडीच्या वाळूत केले. ओहोटी लागली की खाडीच्या आतल्या अंगाला घट्ट, काळसर वाळू उघडी पडायची, फळ्यासारखी. नारळाच्या हिराची काडी घ्यायची आणि लिहीत सुटायचं. एक आकडा मी, पुढचा आत्या, आणि मग एकमेकींचा तपासायचा. शाळा आणि ओहोटी जुळेल तेव्हाच ते व्हायचं, आणि मध्येच सर आली की मांडलेलं सगळं बुजून जायचं. वाडीतल्या बायका जाता येता विचारायच्या, काय शेवंते, कोणाच्या नावाचं लिहितंस? आत्या म्हणायची, सासूच्या. एकदा बाबा त्या वाटेनं आले. ओळीनं पसरलेले भागाकार पाहून थांबले. मग त्यांच्यावरून न जाता पाण्यातून वळसा घालून गेले. मी ते पाहिलं. आत्यानं पाहिलं की नाही, मला माहीत नाही.

दोनशे अकराशी माझी बाकी शून्य आली. मी काडी टाकली आणि घराकडे पळत सुटले, आईला सांगितलं, आईनं देवाशी हात जोडले. आत्या मागून सावकाश चालत आली. दारातच ती म्हणाली, "हातचा विसरलीस गो. एकावन्न उरतात." तिच्या आवाजात राग नव्हता, निराशाही नव्हती. दमलेल्या मुलाला उचलून घ्यावं तसं तिनं ते वाक्य उचलून माझ्यासमोर ठेवलं. आईनं जोडलेले हात सोडले आणि ती आत गेली. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की हा आकडा खरंच फुटणार नाही. गणितात तशी काही हरकत नसते. मूळ संख्या असतातच, कितीतरी असतात, आणि त्या कुणाची बहीण कुठे राहणार याची पर्वा करत नाहीत.

पुनव अगदी जवळ आली होती. बाबांनी गुहागरकडच्या एसटीची वेळ विचारून ठेवली होती. वाऱ्यावरची लुगडी घडी होऊन ट्रंकेत गेली होती. आम्ही सहाशेत शिरलो. सहाशे एकला एकाहत्तर उरले. सहाशे सातलाही नाही, सहाशे तेरालाही नाही. सहाशे तीसच्या आत आता दोनच आकडे राहिले होते, सहाशे सतरा आणि सहाशे एकोणीस. आत्यानं पहिला घेतला, मी दुसरा. भरतीचं पाणी परत फिरलं होतं आणि आमच्या पहिल्या ओळी पुसायला लागलं होतं. माझे पाचशे एकाहत्तर उरले. मी त्यांच्याकडे पाहत तशीच बसून राहिले. मान वर करून आत्याकडे पाहायचा धीर होईना.

"सुमे," ती म्हणाली, "हे जरा बघ."

ती वाळूत खाली बसली होती, लुगडं भिजत होतं. मी तिचा भागाकार पाहिला. एकोणचाळीसशे सदुसष्टात सहा वेळा, उरले दोनशे पासष्ट. वरचे तीन घेतले, चार वेळा, उरले एकशे पंचाऐंशी. वरचा एक घेतला. अठराशे एक्कावन्न. सहाशे सतरा त्रिक अठराशे एक्कावन्न. खाली तिनं शून्य काढलं होतं, इतकं हलक्या हातानं की ते दिसत नव्हतं. मी पुन्हा केला, बाजूला कोरड्या जागी. मग उलटा गुणाकार केला, सहाशे सतरा गुणिले सहाशे त्रेचाळीस. तोवर पाणी आत्याच्या भागाकारापर्यंत आलं होतं. तिनं ते अडवायचा प्रयत्न केला नाही.

तांडेलमामा आपल्या ओटीवर दोर वळत बसले होते. वाटेत माझ्या मनात एक नवीच भीती आली होती. सहाशे सतरा वाटे कोण करणार? मामा हसतील आणि म्हणतील, शाळेतलं हे शाळेत ठेव. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, तिसाच्या पुढेही आकडे फुटतात हेसुद्धा, आणि ते सांगताना माझी मान खाली होती. आत्या माझ्यामागे ओल्या लुगड्यानं उभी. मामांनी दोर सोडला नाही. एक डोळा बारीक केला आणि पाढा म्हणावा तसे ते स्वतःशी पुटपुटायला लागले.

"सहाशे त्रेचाळीस, सहाशे वेळा. तीन लाख पंच्याऐंशी हजार आठशे. बरं. राहिले सतरा वेळा. सतरा सहाशे, दहा हजार दोनशे. झाले तीन लाख शहाण्णव हजार." इथे ते थांबले. त्यांनाही दिसलं होतं. "सतरा त्रेचाळीस किती?" त्यांनी मला विचारलं नाही, हवेलाच विचारलं. "सतरा चोक अडुसष्ट, सहाशे ऐंशी. सतरा त्रिक एक्कावन्न." त्यांनी दोर मांडीवर ठेवला. "सातशे एकतीस."

 त्यांना पाढे येत होते म्हणून त्यांना शंका घेता आली नाही, आणि मला वाटतं त्यांना ती घ्यायचीही नव्हती. शेवटी म्हणाले, "भाग जातोय तर वांझ कसा? पोरं उशिरा झाली, एवढंच." उठले, आमच्याबरोबर घरी आले आणि खळ्यातूनच बाबांना हाक मारली. "बाळ्या, पोरींनी आकडा फोडलानी. पुनवेला पाण्यात घालू." आत्या तेव्हा चाळिशीला आलेली होती. पोरी म्हटल्यावर तिला हसू आलं. इतक्या दिवसांतलं ते पहिलं. बाबा आत गेले आणि पडवीत ट्रंक ओढल्याचा आवाज आला. आत जाऊन पाहते तर ती पुन्हा खाटेखाली होती, पार भिंतीला टेकवलेली.

वाट्यांचा प्रश्न मामांनीच सोडवला. पुनवेला नारळ वाहून झाल्यावर होडी गेली आणि दुसऱ्या दिवशी कोलंबी घेऊन आली. सहाशे सतरा वाटे कुणी मोजायचे? मामा म्हणाले, सगळ्या वाडीला मूठमूठ द्या, मोजत बसू नका, देवाचीही मूठच. टोपलीशी कुणाला बसवायचं ते त्यांनीच सांगितलं. आत्या बसली. वाडी टोप, तांबे, केळीची पानं घेऊन आली, आणि ती सकाळभर कोपरापर्यंत ओल्या हातानं मूठमूठ कोलंबी देत होती. काही बायकांनी दोनदा हात पुढे केला, तिनं दोनदा दिली. घरी आईनं हळदीच्या पानांतल्या पातोळ्या केल्या होत्या. हात कितीही धुतले तरी आत्याच्या पातोळीला कोलंबीचा वास येत होता आणि ती त्यावर हसत होती.

त्याच दुपारी, पडवीत, ती मला म्हणाली, "आणि नसता गेला भाग, तर मी कोण झाले असते गो?"

 पुढे मी शिकले, कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली, गणिताची पुस्तकं इतरांना देता देता स्वतःही वाचली. त्यांत कळलं की आमच्या इंजिनाच्या नंबराच्या आसपास सरासरी दर तेरा संख्यांमागे एक मूळ असते. म्हणजे अशी रीत पाळणाऱ्या तेरा घरांपैकी एका घरातून कुणाची तरी ट्रंक खरोखरच बाहेर पडली असती, आणि त्या घरातल्या मुलीनं कितीही भागाकार केले असते तरी काही झालं नसतं. उलट, कारखान्यात आमच्या आधी बनलेलं इंजीन दोननं फुटलं असतं आणि आमच्यानंतरचं दोननं, तीननं, चारनं, बारानंही. त्या दोघांचे मालक हसत घरी गेले असते. परवा मी फोनवर तो नंबर टाकून पाहिला. बोट उचलायच्या आत सहाशे सतरा आणि सहाशे त्रेचाळीस समोर आले. क्षणभर राग आला. मग इतक्या वर्षांनीही छातीतून एक श्वास सुटला, की बरोबर होतं.

आत्याला उत्तर आता देते, ती ऐकायला नाही तरी. नसता गेला भाग तर तू तूच असतीस, आणि आम्ही चुकलो असतो. पण हे मला ठाऊक असूनही मी त्या शून्याबद्दल देवाचे आभार मानते. माणसं सुधारायची वाट पाहायला तिच्याकडे वेळ नव्हता. एसटीची वेळ ठरली होती.

ती रीत नंतर कुणी मोडली नाही, नुसती गळून गेली. मामा गेले, होडी विकली, बाबा गेले, आई गेली. आत्याला वेळणेश्वरचं कुणी कधी न्यायला आलं नाही आणि तिनंही कधी त्या गावाचं नाव काढलं नाही. शेवटची काही वर्षं तिला मी अंघोळ घालायचे, केस विंचरायचे. या माघात, सकाळी, पेज घेऊन गेले तर ती गेलेली होती. आपल्या घरात, आपल्या खाटेवर. पडवीत आता मी झोपते. तिथे वारा चांगला येतो.